चार्जिंग पोर्ट बदलायला आलेल्या मॅडमना

मॅडम, नमस्कार. नाव लिहीत नाही, तुम्ही त्या दिवशी बिलावर पण नाव घालू दिलं नव्हतं. सांगलीत विश्रामबागला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, जूनमध्ये तुम्ही पोर्ट बदलायला आला होता आणि काउंटरवर भडंगाच्या बरणीत काहीतरी पळतंय बघून "हे काय पाळलंय?" म्हणालात. आभार तेव्हाच मानायला पाहिजे होते, पण तेव्हा मला वाटलं ह्या बाई उगाच नाक खुपसायला लागल्यात. खरं तेच सांगतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी मृगाचा पहिला दणका पाऊस झालेला, ट्यूबलाइटला पंखवाले किडेच किडे, शटर ओढताना फरशीवर एक काळाभोर मुंगळा दिसला, पंख नाहीत पण आकार केवढा, असला मी जन्मात बघितला नव्हता. धरला आणि बरणीत टाकला. आत मूठभर माती, चिमूटभर साखर, टोपणाला भोकं. एका व्हिडिओत मुंग्यांच्या राणीला रोज खायला घाला म्हणून सांगितलेलं आणि मला ही राणीच वाटलेली, म्हणून वर साखरपाणी. दर अर्ध्या तासाला टॉर्च मारून बघणं चालूच. आमचे आण्णा म्हणाले उधई असंल, फेक बाहेर, दारं खाईल.

तुम्ही म्हणालात तुमच्याकडं एवढा भारी मायक्रोस्कोप आहे आणि टॉर्चनं काय बघताय. बरणी शेजारच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रिजमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवायला लावली, म्हणजे ती सुस्त पडते आणि धडपड न करता बघता येते. त्यानं विचारलं आत काय आहे, मी म्हटलं राणी, तो अजून मला त्याच नजरेनं बघतोय. मग जिथं मी रोज मदरबोर्ड ठेवतो तिथं तिला ठेवली. मॅडम, आठ वर्षं त्या मायक्रोस्कोपमधून मी फक्त सोल्डर बघितलंय. पाठीचा तो फुगलेला भाग आणि त्याच्या दोन्ही अंगाला पंख तुटल्याचे वण, चिप उपटल्यावर पॅड राहतात ना अगदी तसे. तुम्ही म्हणालात पंख कुणी तोडले नाहीत, उडून मिलन झालं की राणी स्वतःच पाडून टाकते, आणि सकाळी लाइटखाली मरून पडलेले बारक्या डोक्याचे पंखवाले होते त्यातले बरेच नर असणार, त्यांचं काम तेवढंच. हिनं मात्र त्या उड्डाणातलं बीज पोटात साठवलं, आता जन्मभर तेच पुरवायचं. उधईचा विषय तुम्ही दोन वाक्यांत मिटवला, उधईच्या मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ आणि कंबर नाही, हिच्या मिशा कोपरातून वाकलेल्या आणि कंबर इतकी बारीक की त्यात एकच गाठ. बुडाला नांगी नाही, केसांची झालर असलेलं गोल भोक, तिथून फॉर्मिक अॅसिड. शेवटी म्हणालात कॅम्पोनोटस, बहुतेक कॉम्प्रेसस, म्हणजे आपला रोजचाच मुंगळा, १७८७ साली फॅब्रिशियस नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं वर्णन केलेला. मला जरा वाईटच वाटलं, मी समजत होतो काहीतरी दुर्मिळ सापडलंय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः टेस्ट ट्यूब घेऊन आलात. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा घट्ट, ओला राहील पण गळणार नाही असा, मग राणी, मग तोंडाला कोरडा बोळा. वरून लाल जिलेटीन कागद, कारण मुंग्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. आणि मला म्हणालात, आता विसरून जा. खायला काय घालू विचारलं तर काही नाही! पंखांचे स्नायू आता उडायला लागत नाहीत, तेच विरघळवून ती पहिली पिल्लं वाढवते, दीड-दोन महिने उपाशी. दुकानात पण ठेवू नका, कंपनं झाली की अंडी खाऊन टाकते. घरी कपाटात ठेवा, साड्यांच्या मागं, आठवड्यातनं एकदाच उघडा.

एकदाच! मॅडम, मी दिवसाला चाळीस फोन उघडणारा माणूस. पहिल्या आठवड्यात तीनदा बघितलं, आता कबूल करतो. सात अंडी होती, तिसऱ्यांदा बघितलं तर पाच. तुम्हाला मेसेज केला तर तुम्ही फक्त लिहिलंत, "टॉर्च मारला ना?" त्यानंतर कपाटाची किल्ली आईकडं दिली. आणि आई ती, उंबऱ्यावर मुंग्यांच्या खडूची रेघ मारणारी बाई! तिला सांगितलं ह्या घरात आता खडू बंद, तर म्हणाली एक मुंगी पाळायची म्हणून बाकीच्यांना पण निमंत्रण का? रेघ पुसली मात्र तिनंच.

पुढं एकदा कोषावर काळा ठिपका दिसला आणि मला वाटलं बुरशी लागली, सगळं गेलं. रात्री साडेअकराला तुम्हाला फोटो पाठवला. तुमचं उत्तर आलं, "अहो ती त्याची शी आहे." अळी कोष विणल्यावर पोटातलं सगळं एकदम टाकते आणि ते एका टोकाला काळं दिसतं. त्या दिवशी घरात सगळे हसले, आण्णा पण.

पहिली कामकरी मुंगी बाहेर आली तेव्हा दीड महिना उलटून गेलेला. आईनंच बघितली. राणी कोष कुरतडून तिला बाहेर ओढत होती, एवढीशी, पांढरट, नेहमीच्या मुंगळ्याच्या निम्मी पण नाही. पहिल्या खेपेच्या अशाच बारक्या असतात हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर तेव्हाही मी तुमची झोप मोडली असती. तेव्हा कुठं साखरपाण्याचा मोहरीएवढा थेंब, फॉइलच्या तुकड्यावर. आणि मांस म्हणून डास, पण रॅकेटनं मारलेले, स्प्रे मारलेले चालणार नाहीत, नाहीतर विष थेट राणीपर्यंत. आण्णा आता संध्याकाळी रॅकेट घेऊन खिडकीत बसतात. उधई म्हणणारे तेच.

कुठल्या तरी युरोपियन जातीची, लॅसियस नायजर का काय, राणी माणसाजवळ २८ वर्षांच्या वर जगली म्हणून तुम्ही सांगितलं होतं. हे आण्णांना सांगितल्यावर ते म्हणाले, मग ही तुझ्या पोरांच्या लग्नाला पण असंल. माझंच लग्न व्हायचंय अजून मॅडम.

आज अकरा कामकरी आहेत. पोर्ट परत ढिला झाला तर आणा, पैसे घेणार नाही, आणि त्या दिवशीचे दीडशे का घेतले हे माझं मलाच कळत नाही. येताना आणखी एक ट्यूब मिळाली तर बघा, ह्या ट्यूबमधलं पाणी संपत आलंय.

तुमचा,
मोबाईलवाला