सोन्याचे तोळे विचारता, तसा संरक्षण आदेशही विचारा

प्रति,
माननीय राज्य निवडणूक आयुक्त,
राज्य निवडणूक आयोग, महाराष्ट्र

विषय : जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपरिषद व ग्रामपंचायत निवडणुकीच्या शपथपत्रात तीन नवे रकाने

महोदय,

स. न. वि. वि.

खानदेशात निवडणूक लागली की प्रत्येक चौकात एक ‘माता-भगिनींचा लाडका भाऊ’ फ्लेक्सवर उभा राहतो. राखीला साड्या वाटतो, कानबाईच्या रोटाला घरोघर पाया पडून येतो. हे मतदाराला दिसतं. त्याच माणसाच्या बायकोचा अर्ज त्याच तालुक्याच्या न्यायालयात चार वर्षांपासून पडून असेल, तर ते मात्र दिसत नाही. आम्ही जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत कौटुंबिक खटले चालवणाऱ्या वकील आणि समुपदेशक आहोत. उमेदवार घरातल्या बाईशी कसा वागतो हे कळायला गावगप्पांची गरज नसते. बऱ्याचदा न्यायालयाचा कागद तयार असतो, तो आपला फॉर्म मागत नाही एवढंच.

आपल्याकडे १२ सप्टेंबर २००१ नंतर उमेदवाराला दोनपेक्षा जास्त मुलं झाली का, हे विचारलं जातं. म्हणजे बाईची बाळंतपणं मोजण्यापर्यंत कायदा घरात शिरतोच. या नियमापायी तिसरं मूल दिराच्या नावावर लावणं, कागदोपत्री फारकत घेणं, असले उद्योग होतात आणि त्यांचा मार बाईलाच बसतो. तेव्हा ‘घरातलं घरात राहू द्या’ असं कोणी म्हणणार असेल, तर ती वेस आपण कधीच ओलांडली आहे.

आता तक्रार शपथपत्रापर्यंत का पोचत नाही ते सांगतो. मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्यात जाते. तिथं बहुतेक वेळा एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून घेतात. पूर्वी भारतीय दंड संहितेची ३२३, ५०४, ५०६ ही कलमं लागायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची ११५(२), ३५२ आणि ३५१(२) लागतात. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही, आणि तो आदेश मिळवायला बाई सहसा जात नाही, कारण असा आदेश मागता येतो हेच तिला कोणी सांगितलेलं नसतं. तपास नाही म्हणून दोषारोपपत्र नाही, दोषारोपपत्र नाही म्हणून खटला नाही. उमेदवार ‘प्रलंबित फौजदारी प्रकरणे’ या रकान्यात ‘निरंक’ लिहितो, आणि ते खरंच असतं.

पुढची पायरी पोलिसांच्या महिला सहाय्य कक्षाची. नवरा-बायकोला समोरासमोर बसवतात, समझोत्याचा कागद होतो, ती नांदायला जाते. काही घरांत हे टिकतं, नाही असं नाही. पण नवरा राजकारणातला असेल तर समझोत्याची घाई निवडणुकीच्या तारखांवर ठरते. मग माहेरच्यांवर भाऊबंदांचा दाब येतो, ‘जाऊ दे वं माय, निवडणूक शे’ म्हणत वडीलधारी बाईच पदर ओढते. त्याउपर पत्नीच्या छळाच्या ४९८अ (आता कलम ८५) खाली गुन्हा नोंदवला गेलाच, तर तडजोड करून उच्च न्यायालयातून तो रद्द करून घेता येतो. रद्द झालेला गुन्हा शपथपत्रात लिहावा लागत नाही. पोलिसांनी ‘ब’ किंवा ‘क’ समरी, म्हणजे तक्रार खोटी किंवा गैरसमजातून झाल्याचा अहवाल, पाठवली आणि न्यायालयानं ती स्वीकारली, तरी तेच.

४९८अ खाली दोषी ठरणं किती गंभीर, हे लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम ८(१) मध्ये दिसतं. नुसता दंड झाला तरी सहा वर्षं अपात्रता. विनयभंगाचं ३५४ (आता ७४) मात्र त्या यादीत नाही. तिथं अपात्र ठरायला दोन वर्षांची शिक्षा लागते. ही उणीव संसदेनं भरून काढायची आहे, म्हणून इथं फक्त नोंद करतो. आपल्याकडे जे मागतो आहोत त्याला संसद लागत नाही. घटनेच्या कलम २४३के आणि २४३झेडए प्रमाणे स्थानिक निवडणुकांचं अधीक्षण, निर्देशन आणि नियंत्रण आयोगाकडे आहे. शपथपत्राच्या नमुन्यात बदल आपल्या आदेशानं होऊ शकतो.

खरी गळती कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ इथं आहे. या कायद्याच्या कलम १२ खालचा अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे चालतो, पण त्यात दिलासा दिवाणी स्वरूपाचा असतो. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत द्यावी आणि ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षं जातात. तरी मधल्या काळात कलम २३ खाली अंतरिम आदेश होतात, पुढे कलम १८ खाली संरक्षण आदेश होतो. दोन्ही बाजू ऐकून, संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल पाहून न्यायालय सांगतं की या माणसानं या बाईजवळ जायचं नाही, मारहाण करायची नाही. एवढा आदेश हातात असलेला माणूस फौजदारी रकान्यात निर्धास्त ‘निरंक’ लिहू शकतो, कारण तो ‘आरोपी’ नाही, ‘उत्तरवादी’ आहे. आदेश मोडला तर कलम ३१ खाली गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याचा खटला चालू असेल तरच तो फॉर्मवर येईल.

पोटगीचा प्रकार याहून मासलेवाईक आहे. सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं असं ठरवलं. म्हणजे आता एकाच माणसाची दोन शपथपत्रं असू शकतात. पोटगीच्या न्यायालयात कोरडवाहू तीन एकर, भावांत सामाईक, कापसाला भाव नाही, बोंडअळीनं खाल्लं, महिन्याचं उत्पन्न जेमतेम. उमेदवारी अर्जात बागायती केळी, दोन चारचाकी, पंचवीस तोळे, जिनिंगमध्ये भागीदारी. दोन्हीवर सही त्याचीच, दोन्ही शपथेवर. आमच्या बहिणींना आम्ही सांगतो की उमेदवारी शपथपत्राची प्रमाणित प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून घ्या आणि पोटगीच्या प्रकरणात जोडा. उलटतपासणीत ती फार उपयोगी पडते. थकबाकीसाठी वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. निवडणूक होईपर्यंत थांबू म्हणणाऱ्या बायका नेमक्या तिथं फसतात.

म्हणून तीन प्रश्न. पहिला : कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ ते २३ खाली उमेदवाराविरुद्ध अंतरिम किंवा अंतिम आदेश आजच्या तारखेला लागू आहे काय? असल्यास न्यायालय, प्रकरण क्रमांक, आदेशाची तारीख आणि कलम. दुसरा : पत्नी, माजी पत्नी, मुलं किंवा आईवडील यांना पोटगी देण्याचा कोणताही आदेश लागू आहे काय, दरमहा रक्कम किती आणि अर्ज भरण्याच्या दिवशी थकबाकी किती? जो माणूस बँकेचं देणं लिहितो त्यानं हेही देणं लिहावं, इतकं साधं आहे. तिसरा : स्त्रीविरुद्धच्या गुन्ह्याचा तडजोडीनं रद्द झालेला एफआयआर मागच्या सहा वर्षांत आहे काय? या तिसऱ्यावर आमच्यातच दुमत आहे. रद्द झालेला गुन्हा पुन्हा उकरणं अन्याय्य, असं काहींचं म्हणणं. आयोगाला तो टाळायचा असेल तर टाळावा. पहिले दोन टाळू नयेत.

खोट्या केसेसचं काय, हा आक्षेप येणारच. खोट्या तक्रारी होतात, निवडणुकीच्या तोंडावर विरोधक त्या करवूनही घेतात. याचसाठी आम्ही तक्रार किंवा अर्ज विचारत नाही, न्यायाधीशांनी सही केलेला आदेश विचारतो. आदेश एकतर्फी असेल तर तसं लिहायला आणि अपिलाचा क्रमांक द्यायला जागा ठेवा. बाईचं नाव, पत्ता, मुलांची नावं अजिबात मागू नका. खाजगीपणाचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये कारिखो क्री प्रकरणात ऐकला आहे. उमेदवाराच्या घरातली प्रत्येक वस्तू जाणून घेण्याचा मतदाराला हक्क नाही, असं न्यायालय म्हणालं. मान्य. लागू असलेला न्यायालयीन आदेश मात्र घरातली वस्तू नव्हे.

जे सध्या विचारलं जातं तेही वाचता येईल असं करा. ‘३५४, ५०६’ एवढं वाचून आसोद्याच्या किंवा धडगावच्या मतदाराला काय कळणार? कलमाशेजारी साध्या मराठीत एक ओळ सक्तीची करा : ‘स्त्रीच्या विनयभंगाच्या हेतूनं बळाचा वापर’, ‘पत्नीचा छळ’, ‘पाठलाग’. विधानसभेच्या उमेदवाराला आपली फौजदारी माहिती माघारीनंतरच्या ठरावीक दिवसांत तीनदा वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर द्यावी लागते. तोच काटेकोरपणा जिल्हा परिषदेला लावताना जिल्ह्यात खरोखर वाचला जाणारा पेपर कोणता हे आयोगानं ठरवावं, उमेदवारानं नव्हे. खपच नसलेल्या पेपरात आठव्या पानावर छापलेली जाहिरात फक्त फाइलला लागते.

बाईशी वागणूक घराबाहेरही मोजता येते, आणि त्याचे कागद ग्रामपंचायतीत असतात. माजी सरपंच किंवा सदस्य पुन्हा उभा असेल तर त्याच्या काळात ग्रामसभेआधीची महिला सभा किती वेळा झाली, इतिवृत्तावर कोणाच्या सह्या आहेत, स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर कशावर गेले, हे मतदारांनी माहितीच्या अधिकारात मागावं. इतिवृत्तात सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच हातच्या दिसल्या की सभा कागदावरच झाली असं समजावं. शिलाई मशीन वाटपाच्या यादीत सदस्यांच्याच घरातली नावं आहेत का तेही पाहावं. निम्म्या जागा २०११ पासून बायकांना आहेत, पण मिटिंगला सरपंचपती येतो, ग्रामसेवक त्यालाच ‘सरपंच’ म्हणून हाक मारतो. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडे गावच्या महिला सरपंचांना अतिक्रमणाच्या आरोपावरून काढलं गेलं. जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय, सगळीकडे त्या हरल्या. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये त्यांना पद परत दिलं आणि गावाला बाईच्या हाताखाली राहणं रुचलं नाही, हे स्पष्ट शब्दांत नोंदवलं. अशा अपात्रतेच्या अर्जांवर सह्या करणारे पुढच्या वेळी उमेदवार असतात. त्यांना मतदारांनी त्याबद्दल जरूर विचारावं.

नंदुरबारच्या अक्राणी, अक्कलकुवा भागात एक निराळी खूण आहे. बाईला डाकीण ठरवण्याच्या बैठकीत, किंवा जातपंचायतीच्या दंडाच्या निवाड्यात, उमेदवार पंच म्हणून बसला होता का? जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा आहे, त्यांखालचे खटले फौजदारी रकान्यात यायलाच हवेत. छाननीच्या वेळी सरकारी वकिलाकडून यादी घेऊन ठेवली तर लपवणं अवघड होईल.

कामाच्या जागेवरच्या लैंगिक छळाचे अहवाल शपथपत्रात मागा, असं काहीजणी सुचवतात. आमचा त्याला विरोध आहे. २०१३ च्या कायद्याचं कलम १६ गोपनीयता सांगतं आणि ती मुख्यतः तक्रारदार बाईसाठी आहे. खेड्यात उमेदवाराचं आणि कारखान्याचं नाव छापलं की बाई कोण हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

राहिली अंमलबजावणी. निवडणूक निर्णय अधिकारी छाननीत शपथपत्राचा खरेखोटेपणा तपासत नाही, रकाना कोरा नाही एवढंच पाहतो. म्हणून प्रतिशपथपत्राची सोय करा : मतदारानं न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत जोडून दिलं, तर ते उमेदवाराच्या शपथपत्राशेजारी त्याच दिवशी संकेतस्थळावर आणि मतदान केंद्राबाहेरच्या फलकावर लागावं. माहिती लपवली तर निवड रद्द होऊ शकते, हे कृष्णमूर्ती विरुद्ध शिवकुमार या २०१५ च्या निकालात ठरलं आहे, आणि ते प्रकरण तामिळनाडूतल्या एका पंचायतीचंच होतं. ग्रामपंचायतीत निकालानंतर निवडणूक अर्जाला पंधराच दिवस मिळतात. न्यायालयातून नक्कल मिळायलाच दहा दिवस जातात, तेव्हा मतदाराला ही माहिती अर्ज भरण्याच्या आठवड्यातच हवी.

नव्या रकान्यांचा मसुदा, मराठी आणि अहिराणी समजुतीच्या सूचनांसह, आम्ही करून ठेवला आहे. संगणकावर भरायच्या अर्जात तो बसवायला वेळ लागतो. पुढच्या कार्यक्रमाची घोषणा होण्याआधी आपल्या कार्यालयानं आम्हाला एक तारीख द्यावी.

कळावे,

आपल्या,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतल्या काही वकील आणि समुपदेशक