सुट्टीत वाचनालय दुपारी उघडं ठेवा

संपादक साहेब, नमस्कार.

परीक्षा संपली की शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुट्टीचा होमवर्क येऊन पडतो, त्यात 'पुस्तकं वाचा आणि सारांश लिहा' हे ठरलेलं, मग सहावी-सातवीची पोरं नेटवरून सारांश उतरवून मोकळी, पुस्तक उघडतंय कोण! माझ्या मते सारांश नकोच, वाचू दे त्यांना काहीही, अर्धं सोडलं तरी चालेल.

पुस्तकं मिळत नाहीत असंही नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, नाहीतरी मोबाइल पोरांच्या हातातच असतो. पाचगणीजवळ भिलारला २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे, घराघरात पुस्तकं मांडलेली, कुणीही जाऊन वाचत बसावं. महाबळेश्वरला जाणारे स्ट्रॉबेरी घेऊन परत येतात, हे गाव मात्र राहूनच जातं.

खरी अडचण आमच्या भागातल्या वाचनालयाची. बालविभागाचं कपाट कायम कुलूपबंद, किल्ली विचारली तर 'सर आले की बघू', आणि वेळ सकाळी ८ ते १०, म्हणजे सुट्टीत मुलं उठून आवरेपर्यंत बंद! मे महिन्यापुरतं तरी दुपारी उघडा की, उन्हामुळे पोरं घरात बसून कंटाळतात ती तेव्हाच.

– एक पालक, सातारा