मेटिअर खाली करायच्या आधी हे वाच

प्रिय भावा,

तुझा मेसेज रात्री वाचला. गाडी खाली दिसावी म्हणून रॉयल एनफिल्ड सुपर मेटिअरचे मागचे शॉक काढून बुटके टाकायचेत म्हणतोस. रिप्लाय टाईप करायला घेतला तर दोन ओळीत काही मावेना, म्हणून पत्रच लिहितोय. तोवर काही ऑर्डर करू नकोस, एवढं ऐक.

माझ्या हार्लेच्या, रोड ग्लाईडच्या, फोटो बघून तू म्हणालास ना, नादखुळा, पार जमिनीला चिकटलीय. ती चिकटलेली नाहीये रे. कंपनीतून आली तेव्हापेक्षा मागून आता उंचच आहे, आणि ते कसं तेच सांगायचंय.

इकडे टेक्सासमध्ये बॅगरचं लई वेड आहे. बॅगर म्हणजे मागं दोन्ही बाजूंना कडक डिक्या असलेली टूरिंग गाडी. गॅरेजवाले आधीपासून अशा गाड्या खाली करायचेच, पण 2006 ला हार्लेनं स्वतःच स्ट्रीट ग्लाईड काढली, मागचा मोठा टूर पॅक, म्हणजे सीटमागची पेटी, काढलेला, मागून खाली बसवलेली, आणि मग हा लूक सगळीकडे झाला. पुढचं चाक 21 चं, मग 23, 26, आता तर 30 इंचापर्यंत लावतात लोक. 26 लावायचं तर बहुतेक वेळा फ्रेमची मान, म्हणजे पुढचा फोर्क जिथं बसतो तो भाग, कापून, कोन बदलून परत वेल्ड करावी लागते. काही जण एअर सस्पेन्शन टाकतात, बटण दाबलं की उंट बसावा तशी गाडी खाली बसते, निघताना परत हवा भरून वर. बघायला भारी वाटतं, खोटं कशाला बोलू.

मी 2017 ची सेकंडहँड घेतली आणि पहिल्याच महिन्यात लोअरिंग ब्लॉक, म्हणजे गाडी मागून खाली बसवणारे ठोकळे, टाकले, एक इंचाचे. स्वस्त असतात, अर्ध्या तासात बसतात. शॉक तोच राहतो, फक्त त्याचा खालचा पॉईंट सरकतो. पण तो सरकला की चाकाला शॉकवर जास्त लिव्हर मिळतो, म्हणजे तीच स्प्रिंग नरम पडते, आणि चाक-मडगार्डमधली जागा पण कमी होते. या गाड्यांना मागं ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वरखाली व्हायची जागा, मुळात दोन-तीन इंच, त्यातलं काय उरणार. बायको मागं, डिक्या भरलेल्या, हायवेच्या पुलावर काँक्रीटचा जॉईंट आला आणि असा दणका बसला की तिची कंबर आठवडाभर दुखत होती. पुढच्या पंपावर थांबून मोबाईलच्या टॉर्चनं मडगार्डच्या आत बघितलं. टायरच्या रुंदीएवढा पट्टा घासून चकचकीत झालेला आणि कडेला काळा भुगा, खोडरबराचा असतो ना तसा. टायर आत घासत होता आणि मी सत्तर मैलाच्या स्पीडनं तिला मागं बसवून चाललो होतो. त्या दिवशी मी खरंच घाबरलो भावा.

बाकीचं पण मग लक्षात आलं. मागून खाली केली की साईड स्टँड लांब पडतो, गाडी जवळपास सरळ उभी राहते, जरा धक्का लागला की पलीकडे आडवी. हेडलाईट वर बघायला लागतो, समोरच्याच्या डोळ्यात जातो.

ब्लॉक काढून टाकले. 13 इंचाचे चांगले शॉक घेतले, आम्ही दोघं आणि सामान धरून प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा ताण, सेट केला. मग लूकसाठी एक शनिवार गाडीसमोर स्टूल टाकून नुसता बघत बसलो. आपला डोळा सीटची उंची मोजतच नाही, तो डिक्यांची खालची कड बघतो आणि टायर-मडगार्डमधली फट बघतो. म्हणून फायबरच्या चार इंच खाली उतरणाऱ्या डिक्या लावल्या, मागचं मडगार्ड खालपर्यंत ओढलं, पुढं 21 चं चाक आणि त्याला गुंडाळल्यासारखं मडगार्ड. पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर, सगळं घरी केलं, तीन वीकेंड गेले. आता पुढून मागं एकच उतरती रेघ दिसते. ट्रॅव्हल सगळा शाबूत.

2020 ला कॅलिफोर्नियात लगुना सेका ट्रॅकला बॅगर गाड्यांची, किंग ऑफ द बॅगर्सची, पहिली रेस झाली, टायलर ओ'हारानं इंडियन कंपनीच्या चॅलेंजर गाडीवर जिंकलेली, तिचे फोटो बघ. गाड्या ह्याच, डिक्या ह्याच, पण सगळ्या उंच केलेल्या, कारण वळणात झुकायला खाली जागा लागते.

आता तुझी मेटिअर. सीट 740 मिमी, म्हणजे तुझे पाय आरामात टेकतात. ग्राउंड क्लिअरन्स 135 मिमी. त्यातनं इंचभर काढलंस तर गावाकडचा स्पीडब्रेकर वहिनीला मागं घेऊन कसा पार करणार? आणि आंबा घाटातल्या वळणात फूटपेग आधीच लवकर टेकतात. आरटीओचं पण बघ, आरसीतल्या माहितीपेक्षा गाडी वेगळी केली तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, त्यामुळं डिक्या घेण्याआधी तिथं विचारून ये. मला विचारशील तर शॉकला हातच लावू नकोस, खाली उतरणाऱ्या डिक्या, मागच्या मडगार्डला खाली फायबरची जोड आणि खालच्या अर्ध्या भागाला गडद रंग, बास.

एक काम कर. गाडी सपाट जागेवर सरळ उभी धर, मागच्या एक्सलपासून मडगार्डच्या बोल्टपर्यंत टेप लावून माप घे, आधी रिकामी, मग तुम्ही दोघं बसून. दोन्ही आकडे आणि बाजूनं काढलेला एक फोटो पाठव, कॅमेरा चाकाच्या उंचीवर धरून. त्या फोटोवर मी डिकीची रेघ काढून देतो. रविवारी तुझ्या संध्याकाळी फोन करतो, काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
टेक्सासवाला