‘कॉलरा’ लिहिलेली प्रत्येक नोंद पटकीची नसते

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील मिसूरी नदीकाठच्या ग्रामीण काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, एकोणिसाव्या शतकात माणसे कशाने मरत, यावर लेख आला. विषय मोलाचा आहे. पण १८५० सालची एकच यादी हाती धरून ‘नदीकाठी मुख्य मारेकरी पटकी’ असा निष्कर्ष काढला आहे, तो त्या यादीलाच पेलत नाही. जुन्या मृत्युनोंदी वाचणाऱ्या आम्हा दोघांना काही गोष्टी मांडणे आवश्यक वाटते.

आधी ही यादी म्हणजे काय ते पाहू. १८५०, १८६०, १८७० आणि १८८० या चार जनगणनांत मृत्यूंसाठी वेगळा तक्ता होता. मागच्या १ जूनपासून चालू वर्षाच्या ३१ मेपर्यंत घरात कोण वारले, एवढाच प्रश्न. पहिल्या तीन जनगणनांत तो विचारणारा माणूस संघराज्याच्या मार्शलचा, म्हणजे न्यायालयीन अंमलदाराचा, मदतनीस होता, डॉक्टर नव्हे. उत्तर द्यायला दारात जो भेटेल तो. आपल्याकडच्या कोतवाल बुकात गावचा कामगार जसा ‘ताप’ किंवा ‘हगवण’ लिहून मोकळा होई, तशीच ही नोंद. कारणाच्या रकान्यात रोगाचे नाव कमी आणि घरच्यांना दिसलेले लक्षण जास्त असते. वर्षभरापूर्वीचा मृत्यू आठवणीतून सांगायचा, त्यामुळे चार-आठ दिवसांत गेलेले मूल सहज सुटते. कर्ता गेल्यावर घर मोडून माणसे पांगली, तर सांगायला कुणी उरत नाही. बोटीवर मेलेला प्रवासी वाटेतल्या काठावर पुरला जाई, त्याचे घर भलत्याच राज्यात. डॉक्टरांकडून कारणे तपासून घ्यायची पद्धत १८८० साली आली. मिसूरी राज्याने १८८३ मध्ये जन्ममृत्यू नोंदीचा कायदा केला, १८९३ मध्ये तो रद्द केला आणि १९१० मध्ये पुन्हा आणला. त्यामुळे ग्रामीण भागासाठी हे चार तक्तेच मोठा आधार ठरतात, आणि ते दहा वर्षांतल्या एकाच वर्षाचे असतात.

लेखाची पहिली चूक इथेच झाली आहे. १८५० च्या तक्त्यात जून १८४९ ते मे १८५० हे वर्ष येते. १८४९ च्या उन्हाळ्यात सेंट लुईसमध्ये पटकीने साडेचार हजारांच्या आसपास माणसे नेली. तिथून वर जाणाऱ्या बोटींनी, त्यातही कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे निघालेल्या गर्दीने, ती मिसूरीच्या काठाकाठाने पसरवली. बोटीवरचा मैला नदीत आणि पिण्याचे पाणीही नदीचेच. सरपण भरायला बोट जिथे थांबे तिथे रोग उतरे. म्हणजे हे वर्ष मुळातच असाधारण. त्यातही १८४९ च्या जानेवारी ते मे मधले पटकीचे बळी तक्त्याबाहेरच राहतात. पुढच्या दोन मोठ्या साथी १८६६ आणि १८७३ च्या, त्या दोन्ही कोणत्याच तक्त्यात नाहीत. सन १८७८ चा पीतज्वर, ज्यात मेम्फिसमध्ये पाच हजारांवर माणसे गेली, तोही नाही. मिसूरीकाठच्या लेक्सिंग्टन गावाच्या धक्क्याजवळ ९ एप्रिल १८५२ रोजी ‘सलूडा’ बोटीचे बॉयलर फुटून शंभरेक माणसे मेली, ती घटनाही दोन जनगणनांच्या मध्ये पडली. कोणत्या वर्षाची खिडकी उघडी होती हे आधी पाहिल्याशिवाय टक्केवारी काढू नये.

दुसरी चूक भाषांतराची, आणि ती अधिक नुकसान करते. ‘कॉलरा इन्फँटम’ला लेखात पटकीत गणले आहे. त्याचा पटकीच्या जंतूशी संबंधच नाही. दोन वर्षांखालच्या मुलांचा उन्हाळी जुलाब म्हणजे हा रोग, आणि तो बहुतेक जुलै-ऑगस्टात दिसतो. अंगावरचे दूध तोडले की मुलाला गाईचे दूध, तेही न उकळलेले, दिवसभर उन्हाळ्यात ठेवलेले. मुलाच्या ‘दुसऱ्या उन्हाळ्या’ची धास्ती तिथल्या आया घेत, ती यामुळेच. ‘कॉलरा मॉर्बस’ म्हणजे मोठ्यांचा उलट्या-जुलाबांचा आजार, तोही बहुधा खाण्यातून झालेला. खरी साथीची पटकी ओळखायची तर वय आणि ‘किती दिवस आजारी’ हा रकाना सोबत वाचावा लागतो. धडधाकट तरुण एका दिवसात गेला, त्याच आठवड्यात शेजारचे दोघे गेले, तर पटकी. सव्वा वर्षाचे मूल बारा दिवस झिजून गेले, तर उन्हाळी जुलाब. ‘दात येणे’ हे कारणही बहुतेकदा याच जुलाबाचे दुसरे नाव आहे, कारण दात आणि दूध तोडणे एकाच वयात येतात. दिवसांचा रकाना १८५० आणि १८६० च्या तक्त्यांत आहे, १८७० मध्ये तो काढून टाकला.

नदीकाठचे ठळक लक्षण खरे तर ताप हे आहे. मिसूरीला पूर दोनदा येई. वसंतात मैदानातल्या बर्फाचा, जूनमध्ये डोंगरातल्या बर्फाचा. जूनचा पूर ओसरला की काठच्या सखल जमिनीत आणि तुटलेल्या प्रवाहांत पाणी तुंबून राही, तिथे ॲनॉफिलीस डास वाढे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हिवताप घरोघर हिंडे. डासाचा संबंध तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता, दोष कुजलेल्या हवेला दिला जाई. यादीत तो ‘इंटरमिटंट’ (थांबून थांबून येणारा), ‘रेमिटंट’ (कमीजास्त होणारा, पण पूर्ण न उतरणारा), ‘बिलियस’ (पित्ताचा) आणि ‘कंजेस्टिव्ह’ (झपाट्याने बेशुद्ध करणारा) अशा नावांनी विखुरलेला असल्यामुळे लेखातल्या आलेखात चार छोटे खांब झाले आणि पटकी उंच दिसली. चारही नावे सरसकट एकत्र करणे मात्र बरोबर नाही. एक दिवसाआड हुडहुडी भरणारा ताप सहसा थेट मारत नसे. तो प्लीहा वाढवी, रक्त आटवी, आणि मग हिवाळ्यातला न्यूमोनिया माणसाला नेई, रकान्यात लागे ‘लंग फीव्हर’. दोन-तीन दिवसांत मारणारा ‘कंजेस्टिव्ह’ बहुधा मेंदूपर्यंत गेलेला हिवताप असे. शरद ऋतूतला तीन-तीन आठवडे चाललेला ‘बिलियस’ दिसला तर टायफॉइडचा संशय धरावा. आपल्याकडेही हाच घोळ आहे: आयुर्वेदातला विषमज्वर म्हणजे थांबून थांबून येणारा ताप, आणि शाळेच्या पुस्तकातला विषमज्वर म्हणजे टायफॉइड. लेखात हा शब्द तीन ठिकाणी आला आहे, पण कोणत्या अर्थाने ते कळत नाही.

याच नदीकाठच्या सलाइन काउंटीत ॲरो रॉकजवळ डॉ. जॉन सॅपिंग्टन राहत. १८३२ पासून त्यांनी तापावरच्या गोळ्या विकल्या आणि १८४४ मध्ये घटक छापून टाकले: एका गोळीत एक ग्रेन क्विनीन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, पाऊण ग्रेन ज्येष्ठमध, पाव ग्रेन बोळ, आणि वासाला सॅसाफ्रासचे तेल. त्यांचे सांगणे होते की आधी रक्त काढू नका, जुलाब देऊ नका, क्विनीन द्या. बाकीचे डॉक्टर कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचे क्षार, तोंडाला लाळ सुटेपर्यंत देत. हगवणीने आधीच कोरड्या पडलेल्या माणसाला वरून जुलाब. असे किती मृत्यू औषधाचे, हे कोणत्याही रकान्यात सापडणार नाही.

‘मिल्क सिकनेस’चे ‘दूध न पचणे’ हे भाषांतर तर वाचवत नाही. ओहायो आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या जंगलाच्या सावलीत पांढऱ्या फुलांचे स्नेकरूट वाढते. उन्हाळ्याअखेर गवत वाळले की मोकळी सोडलेली गाय ते खाते, त्यातले विष दुधात आणि लोण्यात उतरते. गुरे थरथर कापतात, माणसाला उलट्या, बद्धकोष्ठ, कमालीचा अशक्तपणा, आणि काही दिवसांत मृत्यू. अब्राहम लिंकन यांची आई ५ ऑक्टोबर १८१८ रोजी इंडियानात याच आजाराने गेली असे मानले जाते. जंगल तुटून कुरणांना कुंपणे आली तसा रोग मागे हटला.

क्षय, बाळंतज्वर, घटसर्प, चुलीपाशी कपडे पेटून भाजणे यांची नोंद लेखात ठीक आहे, त्यावर काही म्हणणे नाही.

एका ओळीवर मात्र थांबावेच लागते. १८६० मध्ये सलाइन काउंटीतला साधारण तिसरा माणूस गुलाम होता. १८५० आणि १८६० च्या तक्त्यांत गुलामांचे मृत्यू मालकाच्या तोंडून नोंदले गेले, अनेकदा मालकाचे नाव आहे आणि मेलेल्याचे नाही. गुलाम स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपुढे अमेरिकेच्या दक्षिणेत वारंवार ‘गुदमरून’ असे लिहिलेले आढळते. लेखाने तो शब्द जसाच्या तसा घेऊन ‘आईच्या निष्काळजीपणाने’ अशी पुस्ती जोडली. ती पुस्ती मालकाची आहे, पुराव्याची नाही. पुढच्या संशोधकांनी या मृत्यूंचा संबंध झोपेतच अचानक होणाऱ्या बालमृत्यूशी आणि गरोदरपणीही शेतात राबवलेल्या, अर्धपोटी आईच्या हालांशी जोडला आहे. त्या बायांना आपली बाजू सांगायला कुणी विचारले नव्हते.

आलेखातील ‘कॉलरा इन्फँटम’ आणि ‘कॉलरा मॉर्बस’ पटकीतून काढून अतिसारात टाकावे, तापाच्या नोंदी महिना आणि आजाराचे दिवस पाहून पुन्हा मांडाव्यात, आलेखाखाली ‘जून १८४९ ते मे १८५०’ असे लिहावे, आणि आईबद्दलचे ते वाक्य मागे घेतल्याचे पुढच्या पुरवणीत छापावे, ही विनंती.

— वैद्यकीय इतिहासाचे दोन वाचक, पुणे