मंडळीला सुरात ठेवणाऱ्या स्लाइडसाठी आभार

प्रिय दादा,

प्रभूमध्ये सलाम.

रेझोनेटर गिटारच्या (जिच्या पोटातला पातळ ॲल्युमिनियमचा शंकू, म्हणजे कोन, तारांचा आवाज मोठा करतो) दुरुस्तीपासून रविवारच्या उपासनेत ती कुठे वाजवावी आणि कुठे थांबवावी इथपर्यंत तुम्ही आमच्या उपासना संघाला जे दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र खुले लिहितो आहोत, म्हणजे तुम्ही सांगितलेले बारकावे इतर मंडळ्यांतल्या वादकांच्याही हाती पडतील.

पहिले आभार सुराबद्दल. स्लाइड, म्हणजे बोटात घालून तारांवर सरकवायची नळी, फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर यायला हवी. बोटाने दाबतो तशी दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवली की सूर उतरतो, हे कोणीही शिकवतो. त्यापुढचे तुम्ही दाखवलेत. वादक वरून तिरका पाहतो, म्हणून स्लाइड जागेवर दिसते आणि सूर मात्र हललेला असतो. डोळ्याने फक्त जवळ जायचे, शेवटचे केसभर अंतर कानाने गाठायचे. आंदोलन सुराच्या दोन्ही बाजूंना सारखे हवे. फक्त वरच्या बाजूला हलवले की सगळा सूर चढा वाटतो आणि गाणारी मंडळी नकळत वर सरकते. स्लाइडच्या मागे एक-दोन बोटे तारांवर हलकी टेकवायची, नाहीतर मागच्या तुकड्यातून भलताच स्वर कुजबुजत राहतो. दाब शून्य. तार फ्रेटला लागली की खट्ट आवाज येतो, म्हणून बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची अडीच ते तीन मिलिमीटर ठेवायला सांगितलीत.

ट्यूनिंगबाबतचा तुमचा आग्रह आता आमचाही आहे. ओपन डी, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या की डी मेजर कॉर्ड वाजेल अशी जुळणी: जाड तारेपासून बारीक तारेकडे सा प सा ग प सा. नेहमीच्या ट्यूनिंगवरून इथे चार तारा उतरवायच्या असतात, एकही चढवायची नाही. ओपन ई हवे म्हणून तीन तारा चढवल्या की कोनवरचा भार वाढतो आणि पातळ ॲल्युमिनियम हळूहळू मध्यभागी दबत जाते. त्याऐवजी ओपन डी लावून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की तेच सूर मिळतात. गीत ई फ्लॅटमध्ये असेल तर कॅपो पहिल्या फ्रेटवर, एफमध्ये असेल तर तिसऱ्या. तारा ०.०१३ ते ०.०५६ इंचांच्या, त्याहून हलक्या तारांवर स्लाइडचे वजन पेलत नाही आणि सूर डळमळतो.

मग तिसऱ्या तारेचा (बारीक तारेपासून मोजलेल्या) गंधार. शुद्ध कंपनाचा गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली असतो. कीबोर्ड चालू असताना ती तार ट्यूनरप्रमाणेच ठेवायची, कारण दोन गंधार एकमेकांवर घासले की मधुर काहीच उरत नाही. पण प्रार्थनेआधी गिटार एकटीच गळ्याला साथ करत असेल, तर ती तार किंचित उतरवली की सगळी जुळणी निवळते. इतकी छोटी गोष्ट, आणि उपासनेच्या शांत जागी तिचा परिणाम केवढा!

मायनर कॉर्डचा प्रश्न प्रत्येक स्लाइड वादकाला अडवतो, कारण उघडे ट्यूनिंग मेजर असते. तुमचा उपाय सरळ आहे: पंचमाच्या तारा वाजवूच नका. चौथी आणि तिसरी तार मोकळी छेडली की सा आणि ग मिळतात. बास वादकाने खाली ध धरला की मायनर पूर्ण. पाचव्या फ्रेटवर त्याच दोन तारा म आणि ध देतात, तिथे बासमध्ये रे. सातव्यावर प आणि नि, बासमध्ये ग. बास वादकाशी हे आधी ठरवून घ्यायला हवे. तो मेजरच्या मूळ स्वरावर राहिला तर मायनर ऐकूच येत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र मुळात लिहावेसे वाटले ते. मंडळी पहिला सूर वाद्याकडून घेते, म्हणून ओळीच्या पहिल्या अक्षरावर मींड घ्यायची नाही, हे तुम्ही ठामपणे सांगितलेत. खालून घसरत आलेल्या सुरावर कोणी कुठे उभे राहावे हेच कळत नाही; निम्मे लोक मींडीच्या पायथ्याशी सुरू करतात, निम्मे शेवटाला. सुरुवात स्पष्ट, थेट फ्रेटवर. मींड ठेवायची ओळ संपल्यावर, लोक श्वास घेतात त्या जागेसाठी. शब्द चालू असताना दोन तारांचे लांब स्वर पुरेत. इमारतीत घुमारा जास्त असेल तर स्वर आणखी कमी करायचे आणि कृत्रिम रिव्हर्ब पूर्ण बंद.

या संयमामागे मोठी परंपरा आहे, तीही तुमच्यामुळे कळली. अमेरिकेत ब्लाइंड विली जॉन्सन यांनी १९२७ ते १९३० या काळात ध्वनिमुद्रित केलेल्या भक्तिगीतांत स्लाइड कित्येकदा ओळीतला शेवटचा शब्द गळ्याकडून स्वतःकडे घेते आणि पूर्ण करते. ट्रोमन ईसन आणि विली ईसन या भावांनी १९३० च्या दशकात हाउस ऑफ गॉड या कृष्णवर्णीय पेंटेकॉस्टल मंडळ्यांत मांडीवरची स्टील गिटार रुजवली. विली ईसन तर एका तारेवर गाणाऱ्याचे उच्चार उमटवत. दोन्हीकडे वाद्य शब्दांच्या मागे चालते. आमच्या मते उपासनेत स्लाइडने एवढेच करावे, आणि एवढे करायला आयुष्य पुरते.

गिटारच्या खडखडाटाचे निदान हे तुमचे वेगळेच देणे. एका हाताने तार छेडत दुसऱ्या हाताने कव्हर प्लेट (कोनवरचे पत्र्याचे झाकण), टेलपीस (तारांची टोके अडकवायची पट्टी), खुंट्यांच्या चकत्या असे एकेक ठिकाण दाबत जायचे. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो तिथे दोष. बहुतेक वेळा तो टेलपीसपाशी निघतो, आणि त्याखाली फेल्टचा पातळ तुकडा सरकवला की भागते. कव्हर प्लेटचे स्क्रू करकचून आवळायचे नाहीत. पत्रा वाकतो आणि नवीनच खडखड सुरू होते. आत उतरावेच लागले तर कोनची कड आणि तो बसतो ती लाकडी कडा कोरड्या मऊ ब्रशने झाडायची, कोनला मधोमध बोट लावायचे नाही. आठ पायांच्या स्पायडरचा (तारांचा कंप कोनपर्यंत नेणाऱ्या धातूच्या ब्रिजचा) प्रत्येक पाय कोनवर टेकला आहे का, हे पायाखाली कागदाची पट्टी सरकवून पाहायचे. पट्टी सहज निघाली तर तो पाय अधांतरी आहे. मधला स्क्रू एका वेळी पाव फेरीच, कारण जास्त आवळला की कोन ओढला जाऊन आवाज दबतो. नवा कोन मागवताना आधी मोजायचे: वाटीसारखा खोलगट, स्पायडरचा कोन साधारण साडेदहा इंच, बिस्किट ब्रिजचा (कोनच्या मध्यावर बसणाऱ्या लाकडी चकतीचा) साडेनऊ. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

ध्वनियंत्रणेचे थोडक्यात, कारण ते तुम्ही थोडक्यातच सांगितलेत आणि ते पुरले. माइक २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर, कव्हर प्लेटच्या मध्यावर न रोखता फ्रेटबोर्ड संपतो त्या कडेकडे वळवलेला. १०० हर्ट्झखालचे कापायचे, ती जागा बासची. २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पत्र्याचा कर्कशपणा असतो, तिथे ३ डेसिबल कमी. मॉनिटर माइकच्या पाठीमागे ठेवायचा आणि गिटारचे तोंड त्याच्याकडे करायचे नाही. कोन स्वतःच पडद्यासारखा कंप पावतो, मॉनिटरचा आवाज त्याच्यावर आदळला की शिट्टी सुरू होते. अशा वेळी आवाज वाढवण्याआधी कीबोर्ड वादकाला मधल्या सप्तकातून हात काढायला सांगा, हा तुमचा सल्ला आम्ही दर रविवारी पाळतो. स्लाइड तेवढ्यानेच ऐकू येते.

पुढच्या भेटीत मांडीवरच्या चौकोनी दांड्याच्या गिटारचे, सा ग प सा ग प ट्यूनिंगचे धडे तुमच्याकडून हवे आहेत. जाड तारांचा संच आणि खाच असलेला स्टीलचा बार आम्ही आणून ठेवला आहे.

प्रभूमध्ये तुमचे,
उपासना संघातील वादक