यादी काही संपायची नाही

लेस्टर,
ऑक्टोबर

प्रिय बंड्या,

तुझं पत्र वाचून हसलो. ‘परदेशात जाऊन गुत्ते मोजत फिरतोस’ हे वाक्य वही घेऊन गड मोजणाऱ्या माणसाने लिहावं म्हणजे कमाल झाली. माझं खूळ तुझ्याच जातीचं आहे, फक्त इथे वर पोचल्यावर टाक्यातलं पाणी प्यावं लागत नाही.

‘गुड बीअर गाइड’ नावाचं एक जाडजूड पुस्तक इथे दर शरदात निघतं. ब्रिटनभरातले साधारण ४,५०० पब त्यात असतात. ते सगळे गाठायचं व्रत घेतलेले अवलिये आहेत. मी इंग्लंडापुरतंच मनावर घेतलंय. रोज एक पब म्हटलं तरी पूर्ण यादीला बारा वर्षं लागतील, आणि तोवर यादी तीच राहत नाही. दरवर्षी काही नावं गळतात, काही नवी येतात, काही पब पुस्तक छापून होईतो कुलूपबंद झालेले असतात. तेव्हा ‘पूर्ण कधी करणार?’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर: कधीच नाही.

पुस्तक काढणारी संस्था म्हणजे कॅम्रा. १९७१ साली चार तरुण मित्रांनी ती सुरू केली. त्या काळी मोठ्या कंपन्या गाळून, तापवून, वरून गॅस भरलेली बीअर देशभर खपवत होत्या, आणि जुन्या पद्धतीची, पिंपातच मुरणारी बीअर नाहीशी व्हायला लागली होती. १९७४ च्या पहिल्या छापील आवृत्तीत वॉटनीज कंपनीची बीअर प्लेगसारखी टाळा, असं चक्क छापलं होतं. मग खटल्याची भीती वाटून त्या प्रती रद्द केल्या आणि वाक्य जरा मवाळ केलं. पब निवडतात त्या त्या भागातले सभासद, पदरमोड करून, पिऊन बघून. पुस्तकात यायला पबवाल्याला पैसे मोजावे लागत नाहीत, म्हणून माझा त्यावर विश्वास.

आता ही बीअर काय चीज आहे ते. पिंप पबच्या तळघरात येतं तेव्हा आतलं यीस्ट जिवंत असतं. पिंपाच्या पोटावरच्या भोकात आधी मऊ लाकडाची खुंटी ठोकतात, तिच्यातून जास्तीचा वायू निघून जातो. आंबणं मंदावलं की कडक खुंटी. मग गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं. गाळ लवकर बसावा म्हणून बरेच जण माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. (हे काकूंना सांगू नकोस, मी काय पितो याची त्यांना आधीच काळजी आहे.) तळघर ११ ते १३ अंशांवर ठेवायचं, आणि पिंप एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपवायचं, नाहीतर बीअर आंबट होते. म्हणजे कारखान्यातून निघालेली तीच बीअर एका पबात अमृत आणि पलीकडच्या गल्लीत फेकून द्यायच्या लायकीची असू शकते. सगळं तळघरातल्या माणसाच्या हातात. लोक कोमट, कोमट म्हणून नाकं मुरडतात. पिऊन बघ आणि मग बोल.

माझ्याबरोबर बहुतेक वेळा रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ असतात. बसचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ. अर्धा पाइंट घेतात, उभ्यानेच संपवतात, वहीत खूण करतात आणि पुढच्या बससाठी निघतात. माझं आणि त्यांचं इथेच बिनसतं. बसल्याशिवाय पब कळतोच कसा? दुपारी तीनला कोण येतं, कुणाचं कुत्रं कुठे झोपतं, बारमागची बाई कुणाला न विचारता भरून देते, हे बघायचं नाही तर घरीच बाटली उघडावी. ते म्हणतात, ‘तू आयुष्यभरात एक परगणाही पुरा करणार नाहीस.’ खरं आहे त्यांचं.

डॉर्सेटमधल्या ‘स्क्वेअर अँड कंपस’हून तर मी त्यांना सरळ एकटं पुढे जाऊ दिलं. पहिल्या आवृत्तीपासून वर्षानुवर्षं यादीत टिकलेल्या मोजक्या पबांपैकी हा एक. वर्थ मॅट्रॅव्हर्स नावाचं समुद्रावरचं खेडं, आजूबाजूला दगडाच्या खाणी. पबचं नावही पाथरवटांच्या हत्यारांवरून. आत बार नाहीच, भिंतीतल्या एका खिडकीतून पेला हातात देतात. बाहेर दगडी बाकं, पायाशी कोंबड्या, आणि बाजूच्या खोलीत जीवाश्मांचं छोटं संग्रहालय. एका हातात पेस्टी (सारण भरून भाजलेली मोठी करंजीच म्हण), समोर समुद्र. मी अंधार पडेपर्यंत हललो नाही.

बर्टन या बीअरच्या जुन्या गावालाही जाऊन आलो. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून फिकट, कडवट बीअर तिथे उत्तम जमायची, आणि ती पिंपं जहाजांतून आपल्याकडच्या गोऱ्या साहेबांसाठी मुंबई-कलकत्त्याला यायची. तिथल्या बास या बीअर कंपनीचा लाल त्रिकोण हा या देशातला पहिला नोंदलेला ट्रेडमार्क, १८७६ चा. गाव मात्र आता उदास वाटलं.

त्यापेक्षा बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमविचचे देसी पब बघ. पंजाबी मालक, तव्यावर चरचरत येणारं मिक्स्ड ग्रिल, टीव्हीवर क्रिकेट, आणि शेजारच्या टेबलावर निवृत्त गोरे कामगार मिरची मागून घेताहेत. याच स्मेदिकमध्ये साठच्या दशकात कित्येक पबांत आपल्या लोकांना आत घेत नसत. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स मुद्दाम तिथे येऊन गेला, आणि त्याच वर्षी असा भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा झाला. तिथे एका सरदारजींनी मला विचारलं, ‘पुस्तकात आमचं नाव आहे का?’ नव्हतं. मी तरी दोन तास बसलो, वहीत न लिहिता.

तू येणार असशील तर मेमध्ये ये, दिवस मोठा असतो. फक्त सोमवार-मंगळवार खेड्याकडे जायचं ठरवू नकोस, बरेच पब त्या दिवशी बंद असतात. आणि बूट चांगले आण. डॉर्सेटला बस कमी, चालणं जास्त आहे.

काकूंना नमस्कार.

तुझा,
नंदू