मोठी बँक वाचते, सोसायटीचा फंड अडकतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी बँका अजून एकमेकींत विलीन करून मोजक्याच पण अवाढव्य बँका ठेवायच्या, ही चर्चा परत सुरू झालीय म्हणून लिहितोय. माझं म्हणणं सरळ आहे, आता हे थांबवा. २०१७ ला २७ सरकारी बँका होत्या, आज १२ उरल्यात. बँक फार मोठी झाली की ती बुडू देणं कुठल्याच सरकारला परवडत नाही, हे बँकेलाही माहीत असतं, आणि मग ठेवीदाराचा पैसा सुरक्षित आहे की नाही हे कारभारावर नाही तर बँकेच्या आकारावर ठरायला लागतं.

येस बँकेचं आठवा. ५ मार्च २०२० ला निर्बंध आले, ५० हजारांच्या वर पैसे काढता येईनात, लोक हवालदिल झाले. पण स्टेट बँक आणि बाकीच्या बँकांनी भांडवल ओतलं आणि १८ मार्चला निर्बंध उठले पण. त्याच्या सहाच महिने आधी पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र) या सहकारी बँकेवर निर्बंध आलेले, सुरुवातीला फक्त १ हजार रुपये काढायची परवानगी, आणि ते खातेदार जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण होईपर्यंत ताटकळले. त्यानंतरही ५ लाखांच्या वरची रक्कम टप्प्याटप्प्याने, पूर्ण हातात यायला १० वर्षं. दोन्हीकडचा ठेवीदार तितकाच निर्दोष होता ना?

मी घोडबंदर रोडला एका सोसायटीचा खजिनदार आहे, त्यामुळे हे जास्त टोचतं. बँक बुडाली तर ठेवीदाराला पैसे देणाऱ्या ठेव विम्याचं कवच ५ लाखांचं, आणि विम्याच्या हिशोबात आमची अख्खी सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार. सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम), रिपेअर फंड, लिफ्टसाठी साठवलेले पैसे, सगळं मिळून एका बँकेत कवच ५ लाखांचंच. फंड कुठे ठेवायचा यावर सहकार कायद्याच्या कलम ७० ची बंधनं, म्हणजे मनात आलं तिथे पैसे विभागून ठेवू म्हटलं तर तेही नाही. पीएमसीत संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या रकमेपैकी ८० टक्के रक्कम वर्षाला १ टक्का डिव्हिडंड (लाभांश) असलेल्या प्रेफरन्स शेअरमध्ये गेली आणि उरलेल्या २० टक्क्यांचे वॉरंट, म्हणजे पुढे बँकेचे शेअर मिळायचा हक्क, झाले. पावसाळ्याच्या तोंडावर गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं बिल येतं ते शेअरने भागत नाही, मग परत घरटी वर्गणी काढायची आणि पेन्शनवर जगणाऱ्या आजोबांच्या दारात उभं राहायचं.

अमेरिकेत १९३३ च्या ग्लास-स्टीगल कायद्याने ठेवी घेणाऱ्या बँका आणि शेअर-बाँडच्या धंद्यातल्या बँका वेगळ्या केल्या होत्या, १९९९ ला ती भिंत काढली. २००८ ला लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक कोसळल्यावर मोठ्या बँकांचे तुकडे करा अशी मागणी तिथे जोरात झाली, पण तुकडे झाले नाहीत, २०१० चा डॉड-फ्रँक कायदा आला आणि नियम कडक केले इतकंच. आपल्याकडे तुकडे करा असं मी म्हणत नाही, त्यात ग्राहकांचेच हाल होतील, विलीनीकरणात बदललेले आयएफएससी आणि बंद झालेल्या शाखा नौपाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी सोसल्यात तेवढं पुरे. पण बुडू देता येणार नाहीत इतक्या मोठ्या बँका म्हणून रिझर्व्ह बँक स्टेट बँकेकडून ०.८०, एचडीएफसीकडून ०.४० आणि आयसीआयसीआयकडून ०.२० टक्के जास्तीचं भांडवल मागते, ते मला फार कमी वाटतं. ते इतकं वाढवा की अजून मोठं व्हायच्या आधी बँकेने दहादा हिशोब करावा. मोठ्या उद्योगांना कर्ज द्यायला मोठीच बँक लागते म्हणतात, पण चार-पाच बँका मिळून कर्ज देतातच की आजही.

आणि ठेव विम्यासाठी हाउसिंग सोसायटीला एक ठेवीदार न धरता सभासदांच्या संख्येप्रमाणे कवच द्या. त्यासाठी बँकेचा प्रीमियम वाढून आम्हाला एफडीवर थोडं कमी व्याज मिळालं तरी चालेल, तसा ठराव मी आमच्या वार्षिक सभेत स्वतः मांडणार आहे.

आपला,
एका सोसायटीचा खजिनदार, घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)